पाला जरा कापून घेऊन आलो

तीन शेजारी रानातून घरी परततात. तिघांच्याही हातात हिरवा पाला आहे. घरातून कुणी विचारतं, एवढा वेळ काय करत होतास? तिघं आपापल्या घरच्या भाषेत उत्तर देतात.

मराठी बोलणारा म्हणतो, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’

उर्दू बोलणारा म्हणतो, ‘पाला जरा काट के ले के आया.’

कन्नड बोलणारा म्हणतो, ‘तपला जरा खोदी तगोंडी बैन.’

ही तीन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून बघा. ‘पाला’खाली ‘पाला’ आणि त्याखाली ‘तपला’ येतो. ‘जरा’ तिन्हीकडे जरा आहे. ‘कापून’खाली ‘काट के’, त्याखाली ‘खोदी’. ‘घेऊन’, ‘ले के’, ‘तगोंडी’. आणि शेवटी ‘आलो’, ‘आया’, ‘बैन’. शब्द तर जुळतातच, पण शब्दांचे तुकडे केले तरी ते जुळतात. ‘काप’ला ‘ऊन’ लागतो तिथे ‘काट’ला ‘के’ आणि ‘खोद’ला ‘ई’ लागते. भाषा तीन आहेत, पण वाक्याची वीण एकच.

ही वाक्यं ज्या गावातून टिपली गेली ते आपलंच आहे. सांगली जिल्ह्यातलं, मिरजेच्या कुशीतलं कुपवाड. इंग्रजी लेखनात त्याचं ‘कुपवार’ झालं आणि त्याच नावाने ते जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत पोचलं. भाषा एकमेकींच्या शेजारी राहिल्या की त्यांचं काय होतं, हा विषय निघाला की आजही पहिल्या काही उदाहरणांत कुपवाड येतं. सांगली-मिरजेत मात्र हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

मी त्याच तालुक्यात वाढलो. घरी मराठी, शेजारच्या जैन घरात कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी वळणाची उर्दू. पुण्यात शिकत असताना ही वाक्यं ज्यात आहेत तो शोधनिबंध पहिल्यांदा हातात आला आणि वाचता वाचता घसा दाटून आला. ज्या बोलण्याची शाळेत लाज वाटायची, ते कुणीतरी कान देऊन ऐकलं होतं, कागदावर नीट उतरवलं होतं, आणि त्यात नियम सापडले होते.

तो निबंध जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचा. प्रसिद्ध झाला १९७१ साली. गम्पर्झ १९२२ साली जर्मनीत एका ज्यू कुटुंबात जन्मले. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेत पोचले. आधी शिकले रसायनशास्त्र, मग वळले भाषेकडे. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला. पुढे उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यात, खालापूर नावाच्या खेड्यात राहून तिथल्या जातीजातींचं बोलणं कसं वेगळं आहे ते तपासलं. परक्या भाषेत जगावं लागणं म्हणजे काय, हे स्वतः अनुभवलेला माणूस. त्यांचा कान तसा तयार झाला होता, असं मला वाटतं.

त्या वेळचं कुपवाड साधारण तीन हजार वस्तीचं. तेव्हाच्या म्हैसूर राज्याची, म्हणजे आजच्या कर्नाटकाची, हद्द तिथून दहा-बारा किलोमीटरवर. गावात जमीनदार आणि शेतकरी जैन होते, लिंगायत होते. त्यांची घरची भाषा कन्नड. मुसलमान शेतकऱ्यांच्या घरी उर्दू. दलित आणि भूमिहीन मजूर यांची घरची भाषा मराठी. दोर वळण्याचं काम करणाऱ्या काही घरांत तेलुगूही होती. मराठी आणि उर्दू या एका कुळातल्या भाषा. त्यांचं नातं संस्कृत-प्राकृताकडून. कन्नड आणि तेलुगू द्राविडी कुळातल्या. म्हणजे रक्ताच्या नात्याने बघितलं तर मराठी आणि कन्नड एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत. मराठीचं नातं दूरवर फारसी आणि जर्मनशी आहे, कन्नडशी नाही.

पण गावात नातं रक्ताचंच असतं असं नाही. शेजाराचंही असतं. कुपवाडात या भाषा काही शतकं एकाच पाणवठ्यावर होत्या. गावातले जवळजवळ सगळे पुरुष दोन-तीन भाषा बोलायचे आणि दिवसातून कितीतरी वेळा एकीतून दुसरीत जायचे. घरात कन्नड, मजुराशी मराठी, बांधावरच्या शेजाऱ्याशी उर्दू. हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

माणूस रोज तीन भाषा वापरतो तेव्हा त्याच्या डोक्याला तीन शब्दसंग्रह आणि तीन व्याकरणं सांभाळावी लागतात. कुपवाडकरांनी, ठरवून नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या रोजच्या बोलण्यातून, यातला एक भार कमी केला. शब्द तीन ठेवले आणि ते शब्द बसवायचा साचा हळूहळू एक होत गेला. आता एका भाषेतून दुसरीत जायचं म्हणजे फक्त त्या त्या खणातला शब्द बदलायचा.

लिंगाचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं आहे. मराठीत पलंग ‘तो’, खुर्ची ‘ती’, टेबल ‘ते’. दगड ‘तो’, वीट ‘ती’. का? याला अर्थाच्या अंगाने उत्तर नाही. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचं लिंग पाठ करावं लागतं. आपण ते आईच्या मांडीवर पाठ करतो म्हणून कळत नाही, पण मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला विचारा, त्याला घाम फुटतो. कन्नडाचा हिशेब सरळ आहे. पुरुष असेल तर पुल्लिंग, स्त्री असेल तर स्त्रीलिंग, बाकी झाडून सगळं नपुंसकलिंग. नदी, दगड, घर, म्हैस सगळे एकाच रांगेत.

कुपवाडच्या मराठीने हा कन्नड हिशेब उचलला. नदीला पूर आला तर प्रमाण मराठीत आपण म्हणू, ‘तिथे नदी आली’. कुपवाडात टिपलेलं वाक्य आहे, ‘तिथं नदी आलं’. उर्दूतही तेच. दिल्ली-लखनौकडे ‘नदी आई’ म्हणतील, इथे ‘व्हां नदी आया’. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून तिने पुल्लिंगाचं रूप त्या कामाला लावलं. पण विचार तोच: नदी ही बाई नाही, मग ‘आई’ कशाला?

देवाणघेवाण एकाच बाजूने झालेली नाही. कन्नडात ‘हे तुमचं घर’ म्हणायला ‘आहे’ची गरज पडत नाही, ‘इदु निम्म मने’, हे-तुमचं-घर, एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कन्नडात मात्र ‘इद निम मनी ऐती’ असं टिपलं गेलं. हे शेवटचं ‘ऐती’ म्हणजे आपलं ‘आहे’. मराठी-उर्दूच्या साच्यात शेवटी तो खण होता, म्हणून कन्नडाने तो भरला.

आणि यातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचं. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो पंगतीत आला. मराठीला हा फरक इतका सहज आहे की तो आपल्याला मोलाचा वाटतच नाही. प्रमाण हिंदी-उर्दूत दोन्हींसाठी एकच ‘हम’. कुणी ‘हम खाना खाने जा रहे हैं’ म्हणालं, तर मला बोलावलंय की नाही ते चेहऱ्यावरून ताडायचं. कुपवाडच्या उर्दूत दोन शब्द आहेत. ‘हम’ म्हणजे तुला वगळून आम्ही, आणि ‘अपन’ म्हणजे तुझ्यासकट आपण. दखनी उर्दूत इतरत्रही हा फरक दिसतो. तमिळ आणि तेलुगूत तो जुना आहे, आणि मराठीतही तो द्राविडी शेजारातूनच आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे दक्षिणेकडून मराठीत आणि मराठीच्या वळणावर उर्दूत असा या दोन ‘आपण’चा प्रवास असणार.

इथे थोडं थांबायला हवं. भाषा एकत्र आल्या की त्या ‘भ्रष्ट’ होतात, काहीतरी गमावतात, असं आपण सर्रास म्हणतो. कुपवाडात लिंगाचा पसारा कमी झाला, हे खरं. पण तो कमी झाल्याने कुणाचा गैरसमज होत नव्हता. ‘नदी आलं’ ऐकून कुणी पुराच्या पाण्यात जाऊन उभं राहिलं नाही. आणि जिथे खरोखर अर्थाची भर पडत होती, तिथे उर्दूने एक नवा फरक कमावला. लोक फक्त टाकत नाहीत, निवडूनही घेतात.

साचा एक झाला, मग भाषाच एक का नाही झाली? तीनशे-चारशे वर्षांत सगळ्यांनी मिळून एकच भाषा का नाही उचलली? गम्पर्झ आणि विल्सन यांचं उत्तर व्याकरणात नाही, गावाच्या रचनेत आहे. घरची भाषा ही कुळाची, जातीची, धर्माची ओळख होती. जैन घरात कन्नड बोलली जाते, मुसलमान घरात उर्दू, ही ती घरं वेगळी असण्याची खूण होती. रोटीव्यवहार नाही, बेटीव्यवहार नाही, आणि चुलीपाशी भाषाही वेगळी. लोकांना खूण दिसते ती शब्दांत. ‘पाला’ म्हटलं की ‘तपला’ म्हटलं, हे लगेच कानाला कळतं. वाक्याची वीण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून शब्द राखले गेले आणि वीण नकळत एकमेकींत मिसळली. जातीची भिंत शब्दांनी उभी धरली होती आणि व्याकरण तिच्या खालून झिरपत होतं. भाषाविज्ञानात मी वाचलेल्या गोष्टींपैकी ही मला सर्वांत विचारात पाडणारी.

मग चार घरची माणसं एकत्र आली की कुठली भाषा? इथेही उत्तर अपेक्षेबाहेरचं आहे. गावात जमीन आणि वजन होतं ते बहुतांशी कन्नड बोलणाऱ्यांकडे. तरी चार जातींच्या माणसांत बोलताना मराठी चालायची. एक कारण म्हणजे मराठी ही त्या भागाच्या कारभाराची, शाळेची, लिखापढीची भाषा होती. पण दुसरं कारण जास्त बारकाईचं आहे. मराठी ही गावातल्या वजनदार गटांपैकी कुणाच्याच घरची भाषा नव्हती. जैनाने मुसलमानाशी कन्नड बोलणं म्हणजे त्याला आपल्या अंगणात ओढणं. मराठी बोलणं म्हणजे चावडीवर भेटणं. जी भाषा कुणाची मालकी दाखवत नाही, ती सगळ्यांच्या सोयीची झाली.

वाक्याच्या विणीतलं सगळंच साम्य कुपवाडात घडलं असं मात्र समजू नये. ‘कापून घेऊन आलो’ ही ‘ऊन-ऊन’ची माळ हिंदीत आहे, तमिळमध्ये आहे, जवळजवळ अख्ख्या भारतात आहे. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ साली हेच दाखवलं: भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा हजारो वर्षं शेजारी राहून एकमेकींसारख्या झाल्या आहेत. जीभ मागे वळवून उच्चारायचे ट-ड हे ध्वनी घ्या, ते दोन्ही कुळांत आहेत. किंवा आपलं ‘चहाबिहा’. मराठीत ‘बि’, हिंदीत ‘चाय-वाय’चा ‘वा’, कन्नडात ‘ऊटा-गीटा’चा ‘गि’. अक्षर प्रत्येकीचं वेगळं, खोड एकच. कुपवाड म्हणजे अख्ख्या देशात चाललेलं काम एका गावात, भिंगाखाली धरावं तसं, मोठं होऊन दिसलं.

कुपवाडवरचा निबंध ज्या ग्रंथात आला, त्याच ग्रंथात अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांचा आणखी एक निबंध आहे, आणि तो थेट मराठीच्या जन्माविषयी आहे. दोन्हींचं मूळ १९६८ साली जमैकात भरलेल्या एका परिषदेत. परिषदेचा विषय होता पिजिन आणि क्रिओल भाषा. वेगवेगळ्या भाषांची माणसं व्यापारासाठी किंवा गुलामीत एकत्र आली की कामापुरती एक तोडकी भाषा तयार होते, ती पिजिन. पुढची पिढी तिच्यातच जन्मली, लहानाची मोठी झाली, की ती भरून येते आणि तिची घरची भाषा होते, ती क्रिओल. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत अशा भाषा जन्मल्या. साउथवर्थ यांनी प्रश्न टाकला की प्राकृत आणि द्राविडी बोलणारे या पठारावर एकत्र आले तेव्हा मराठीच्या बाबतीत असंच काही घडलं असेल का? सगळ्यांना हे मान्य नाही. पण प्रश्न विचारण्यासारखा होता, आणि आपल्या शुद्ध-अशुद्धाच्या वादात तो कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द द्राविडी शेजारातून आले आहेत, हे सांगितलं की अजूनही लोकांना नवल वाटतं.

खरीखुरी क्रिओल भाषा बघायला जमैकाला जायचीही गरज नाही. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. चौलला पोर्तुगीज होते, ते १७४० मध्ये गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजच्या पोटी जन्मलेली एक भाषा आजही बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण अडीचशेहून जास्त वर्षं मराठीच्या शेजारात राहून तिच्या वाक्यातलं क्रियापद मराठीसारखं शेवटी सरकलं आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अभ्यासकाने ती सविस्तर नोंदवून ठेवली.

आता शिकण्याकडे वळू. साचे असे सरकतात ते आभाळात नाही, शिकणाऱ्या माणसाच्या डोक्यात. लहान मूल आधी ‘केलं’ म्हणतं, आणि मग एके दिवशी ‘मी करलं’ म्हणू लागतं. घरचे हसतात. खरं तर त्या दिवशी त्याने मोठी मजल मारलेली असते. ‘बसलं’, ‘पडलं’, ‘धरलं’ ऐकून त्याने नियम काढला आणि ‘कर’ला लावला. ‘करलं’ हे प्रमाण बोलणाऱ्या घरात त्याला कुणी ऐकवलेलं नसतं, म्हणजे ती नक्कल नाही, तो त्याचा स्वतःचा विचार आहे.

मोठ्या माणसाच्या चुकाही अशाच असतात, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडलं. तोवर परकी भाषा शिकवणारे चुकीला तण समजायचे, दिसली की उपटायची. कॉर्डर म्हणाले, चूक ही खिडकी आहे. शिकणाऱ्याने मनात कुठला नियम धरलाय ते तिच्यातून दिसतं. पाठोपाठ १९७२ मध्ये अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी म्हटलं की शिकणाऱ्याची मधल्या टप्प्यावरची भाषा ही मोडकी परकी भाषा नसते. तिची स्वतःची घडण असते. घरच्या भाषेची नाही, शिकायच्या भाषेचीही नाही, मधली. कुपवाडकडे मी असंच बघतो: अशा मधल्या भाषांची एक पिढी, मग दुसरी, मग दहावी, आणि सगळ्या मिळून गावाची रीत.

पाचवीत असताना मी निबंधात लिहिलं होतं, ‘रात्री ओढ्याला पूर आलं’. गुरुजींनी लाल शाईने ‘आलं’ खोडलं आणि वर्गात मोठ्याने विचारलं, ‘पूर तो की ते?’ पोरं हसली. प्रमाण मराठीत पूर ‘तो’ आहे, ते मला शिकवणं हे त्यांचं कामच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला ‘आलं’ का सुचलं, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मला बऱ्याच वर्षांनी ग्रंथालयात बसून ते कळावं लागलं. मधल्या काळात मी एवढंच शिकलो की शेजारच्या अक्कांसारखं बोलायचं नाही.

गम्पर्झ यांनी स्वतः शिकवण्याशी जोडलेलं एक काम केलं, त्याची गोष्ट मला म्हणूनच फार जवळची आहे. ती ब्रिटनमधली आहे. एका मोठ्या विमानतळावर, कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात, भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्यांच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या: उद्धट आहेत, तुसड्या आहेत. बायकांना वाटायचं, हे गोरे आपल्याला हिणवतात. खरं तर दोन्ही बाजूंत दिवसभरात मोजके शब्दच बोलले जायचे. गम्पर्झ यांनी ते ध्वनिमुद्रित करून ऐकले. सगळं अडलं होतं एका शब्दावर. मांसाचा पदार्थ घेतलेल्या माणसाला ‘वर रस्सा वाढू का?’ असं विचारायचं असतं. इंग्रज वाढपीण एकच शब्द म्हणायची, ‘ग्रेव्ही?’, आणि शेवटी आवाज वर न्यायची. आपल्याकडच्या बायका तोच शब्द आवाज खाली आणत म्हणायच्या, ‘ग्रेव्ही.’ इंग्रज कानाला ते प्रश्नासारखं लागत नव्हतं. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे’ असं लागत होतं.

आपल्या कानाला यात खटकण्यासारखं काय आहे? लग्नाच्या पंगतीत वाढपी येतो, ‘भात, भात, भात’ म्हणत, आवाज खालीच. कुणाला अपमान वाटत नाही. ‘कोशिंबीर’ म्हणून तो थांबतो आणि आपण पानावर हात आडवा धरतो किंवा धरत नाही. तो सरळ, अदबीचा आग्रह असतो. त्या बायका विमानतळावर असाच आग्रह करत होत्या.

तोडगा साधा होता. मुद्रित केलेले दोन्ही ‘ग्रेव्ही’ बायकांना आणि त्यांच्या वरिष्ठांना एकत्र बसवून ऐकवले. आधी बायका म्हणाल्या, दोन्ही सारखेच तर आहेत. मग चर्चा झाली आणि फरक कानाला पकडता आला. आपल्याकडे लोक इतके दिवस असे का बघत होते, हे त्यांना उलगडलं. वरिष्ठांनाही कळलं की त्या उद्धट नाहीत, त्यांचा सूर वेगळ्या घरचा आहे. १९७९ मध्ये बीबीसीने गम्पर्झ यांच्या अशा कामावर एक कार्यक्रमही केला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की शिकवणी दोन्ही बाजूंची झाली. ‘तुम्ही आवाज वर न्यायला शिका’ एवढं सांगून सोडलं नाही.

हे आपल्या वर्गात का होऊ नये? राज्यघटनेच्या ३५०-क या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगितलं आहे, आणि जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेतही. पण घरी कन्नड किंवा उर्दू बोलणारी पुष्कळ मुलं मराठी शाळेतच येतात. ‘खुर्ची आलं’ लिहिणाऱ्या मुलीला शिक्षक म्हणू शकतील: तुझ्या घरच्या भाषेत माणूस आणि बाकी असा हिशेब आहे ना? मराठीत तो शब्दाशब्दाने वेगळा असतो. खुर्ची ती, पलंग तो. चल, यादी करू. याला दोन मिनिटं लागतात. मुलीला नियमही कळतो, आणि आपल्या आईच्या बोलण्यात खोट नाही हेही कळतं. फळ्यावर ती पाल्याची तीन वाक्यं एकाखाली एक लिहिली तर अख्खा तास रंगेल.

कुपवाडची कहाणी १९७१ मध्ये संपली नाही. सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी तिथे पुन्हा जाऊन अभ्यास केला. त्यांना दिसलेलं चित्र जुन्या निबंधाइतकं एकसारखं नव्हतं. वेगवेगळ्या माणसांच्या बोलण्यात फरक होते, सगळ्यांच्या भाषा सरसकट एकाच साच्यात बसत नव्हत्या. आणि भाषावार प्रांतरचनेने गावातलं भाषांचं वजनच पालटलं होतं. महाराष्ट्र झाल्यावर मराठी ही चावडीवरची तटस्थ भाषा न राहता राज्याची भाषा झाली. जुना निबंध यामुळे खोटा ठरत नाही, पण त्यातलं देखणं चित्र जरा जास्तच नीटनेटकं होतं हे मान्य करायला हवं. पाल्याचं ते वाक्य मला कितीही प्रिय असलं, तरी एका वाक्यावरून गावातल्या प्रत्येक तोंडाचा हिशेब लागत नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण हाती घेतलं, त्यातही गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलं गेलं आहे. मला ते फार मोलाचं काम वाटतं.

कुपवाड आता खेडं नाही. सांगली-मिरजेबरोबर ते एकाच महानगरपालिकेत आहे, औद्योगिक वसाहत आहे, कामासाठी बाहेरून आलेल्यांच्या आणखी नव्या भाषा आहेत. मी गावी गेलो की मिरजेच्या बाजारात भाजीला जातो. मागच्या खेपेला पालेभाजीच्या एका पाटीपाशी माझ्या आधी दोघी होत्या. एकीशी ती मावशी कन्नडात बोलली, दुसरीशी उर्दूत. जुडीचा भाव तोच, बोलण्याची लय तीच. मग पाण्याचा हात मारलेली एक जुडी उचलून माझ्याकडे बघत म्हणाली, ‘चाकवत.’

आवाज खाली उतरलेला. मी पिशवी पुढे धरली.